मारुतीचा डावा बूट

रवि., ४ मे
सकाळी मैदानाच्या कट्ट्यावर बाळू. कॉलेजच्या मेळाव्याच्या पुस्तकात छापायला जुन्या खेळाडूंतून एक संघ निवडायचाय, काम आम्हा दोघांवर. दोन चहा झाले, गोलकीपरवरून भांडण झालं. राखीव म्हणूनसुद्धा माझं नाव घ्यायला हा तयार नाही. लेफ्ट विंगला मात्र दोघांच्या तोंडून एकदम ‘मारुती’. तसा डावा पाय पुन्हा पाहिला नाही. कॉर्नरवरून मारलेला चेंडू वळून थेट जाळीत जायचा, आणि हा पठ्ठ्या मान खाली घालून परत यायचा, जणू दुसऱ्यानेच मारलाय.

मंगळ., ६ मे
बाळूचा फोन. “मारुतीला धरून कुणी आणलं, त्येबी लिव रं पुस्तकात.”
धरून आणला हे खरंच. प्रवेशाच्या आठवड्यात चांगला गडी लपवून ठेवायची तेव्हा रीतच होती, नाहीतर दुसरं कॉलेज उचलून न्यायचं. मी त्याला काकतीला आत्याकडे नेला, जत्रा आहे म्हणून. जत्राबित्रा काही नव्हती. पोचल्या पोचल्या विचारतो, “पाळणं कुठं हाईत?” माझं खोटं झाकायला आत्या बिचारी चार दिवस पुरणपोळ्या लाटत बसली. पाचव्या दिवशी थेट कॉलेजात, फॉर्मवर सही. केवढा पराक्रम वाटला होता.
बाळूला अर्धंच माहीत आहे.

गुरु., ८ मे
उरलेलं अर्धं. इथे तरी लिहितो.
त्या चार दिवसांत मी एकदा बेळगावला, वडगावात घरी आलतो. गल्लीच्या तोंडाला कोल्हापूरच्या एका कॉलेजचे सर, मारुतीचं घर विचारत. वसतिगृह, दोन वेळचं जेवण, पुढे नोकरीचा शब्द. गवताचं मैदान आहे, असंही म्हणाले. मी म्हटलं, पोरगं गोव्याला कामाला गेलंय. त्यांनी चिठ्ठी दिली, त्याच्या आईला द्या म्हणून. दिली नाही.
तीन वर्षं त्याने आम्हाला जिंकून दिलं, आमच्या मुरमावर. मग गुडघा गेला. परत मागावर बसला. अजून तिसऱ्या गल्लीत साड्या विणतो, उठताना खांब धरून.
हिला सांगितलं. “मला सांगून काय उपेग? त्येच्याकडं जावा.”

रवि., ११ मे
गेलो. माग थांबवून त्याने चहा सांगितला. संघात नाव आहे म्हटल्यावर लाजला. आतून बूट आणून दाखवला. एकच, डावा. पहिल्या वर्षी सरावाला दोघांत जोडी एक. डावा याच्या पायात, उजवा बाळूच्या, चिंध्या कोंबून. बाळूने त्याचा कधीच हरवला. याने अजून तेल लावून ठेवलाय.
तो बूट बघून धीर सुटत होता. तरी सांगितलं, चिठ्ठीसकट.
हातात मागाचा धोटा फिरवत बसला. मग एवढंच,
“तितलं मैदान खरंच गवताचं व्हतं?”
“व्हय, असं म्हनलं सर.”
गुडघ्यावर हात ठेवला त्याने. चहा तसाच निवला.

बुध., १४ मे
झोप नाही. त्याचं कौतुक माझ्याइतकं कुणी केलं नसेल. आणि वाटोळंही मीच केलं. बाळू विचारतो, दोघांच्या सहीने यादी पाठवू का. थांब म्हटलं. मारुतीच्या नावाखाली माझी सही बरी दिसत नाही.

शनि., १७ मे
संध्याकाळी मारुती दारात. आत आला नाही. “उद्या सातच्या यष्टीनं कोल्हापूरला जाऊ. मैदान बघायचंय मला.” हिने पाणी आणेपर्यंत गेला पण.

रवि., १८ मे, गाडीत
कोगनोळी नाका गेला. अक्षर हलतंय. मारुती खिडकीशी, मांडीवर पिशवी, पिशवीत बूट. निपाणीला भजी घेतली, पुडा पुढे धरला, त्याने एक उचललं.
आत्ता, बाहेर बघतच म्हणाला, “गवत असंल तर एक कॉर्नर मारणार हाय मी. तू गोलात हुबा ऱ्हा.”
गुडघ्याचं मी काढलं नाही. राहतो म्हटलं.