कार्यालयीन महत्त्वाचे साहित्य

३ नोव्हेंबर, सोमवार
अधीक्षक मॅडम आजपासून दोन महिने मेडिकल रजेवर. चार्ज माझ्याकडे. ऑर्डरमध्ये ‘तात्पुरता’ हा शब्द दोनदा आलाय. टाइप करणाऱ्याची सवय असावी. मॅडमच्या खुर्चीत बसलो. पाठीला उशी आहे. संकल्प: हळू आवाजात बोलायचं, वाचल्याशिवाय सही करायची नाही, शेजारच्या टेबलावरच्या संघप्रियाच्या टोमण्यांना उत्तर द्यायचं नाही. बापूराव शिपायाने चहा सवयीने माझ्या जुन्या टेबलावर ठेवला. उठून तिथे जाऊन प्यायलो.

५ नोव्हेंबर, बुधवार
नेमप्लेट ऑनलाइन मागवली. पितळी, टेबलावर ठेवायची. ‘नागसेन उराडे, कार्यालय अधीक्षक.’ ‘प्रभारी’ हा शब्द अक्षरमर्यादेत बसत नव्हता. उरलेल्या जागेत वेलबुट्टी घेतली.
पत्ता घरचा दिला. ऑफिसात आलेलं कोणाचंही पार्सल संघप्रिया ‘पाहू तं’ म्हणत कात्रीने उघडते. रश्मीला फोनवर सांगितलं (मुलांच्या शाळेसाठी ती चंद्रपूरला असते, इथे मी आणि आई). ती म्हणाली, दोन महिन्यांसाठी पाटी? तेवढ्यात रेंज गेली. म्हणजे मी कट केला.

१३ नोव्हेंबर, गुरुवार
पार्सल नागपूर. मग चंद्रपूर. आज पुन्हा नागपूर. दहा दिवस झाले, टेबलावर नाव नाही. एका शेतकऱ्याने मलाच विचारलं, साहेब कुठी बसतेत जी? बापूराव खिडकीकडे तोंड करून हसला असं वाटलं. विचारलं तर म्हणाला, खोकला.

१९ नोव्हेंबर, बुधवार, संध्याकाळी ७
ॲपवर ‘डिलिव्हर्ड, दुपारी १२.४०’. घरी पार्सल नाही! व्हरांडा, माजघर, न्हाणी, सगळं पाहिलं. पार्सल आणतो तो वारलू. पंचेचाळिशीचा माणूस, मोटरसायकलला दोन बाजूंनी दोन पोती, मुलचेऱ्यापासून पार जंगलातल्या गावांपर्यंत एकटाच फिरतो. फोन लावला, लागला नाही. डोकं तापलं. आई मागे मागे फिरत होती. ‘बाबू, ढोलीत...’ मी म्हटलं, शनिवारी भरतो म्हटलं ना धान ढोलीत? एकदा सांगितलं की कळत नाही? ती चुलीकडे गेली. या माउलीला धानापलीकडे काही सुचत नाही.

२२ नोव्हेंबर, शनिवार
शब्दाचा पक्का. आई शेतात पडलेल्या लोंब्यांचा सरवा वेचायला गेली तेवढ्यात एकट्याने नऊ पोती धान ढोलीत ओतलं. आमची ढोली बांबूची, शेणमातीने सारवलेली, माझ्या खांद्याएवढी उंच. आत वाकून पाहायचं तर कंबर जाते, म्हणून पाहिलं नाही. झाकण ठेवून कडेने लिंपूनही टाकलं. आई आली, ढोलीकडे पाहिलं आणि मटकन खाली बसली. डोक्याला हात. म्हणाली, भरून टाकली? मुलाचे कष्ट पाहून ऊर भरून आला असावा. मी म्हटलं, राहू दे, आभार कसले.

२४ नोव्हेंबर, सोमवार
कुरिअर कंपनीकडे लेखी तक्रार. त्यात ‘पार्सलमधील वस्तू’ असा रकाना आहे. नेमप्लेट लिहायला हात धजावेना. ‘कार्यालयीन महत्त्वाचे साहित्य’ लिहिलं. खोटं नाही. माझ्या दृष्टीने कार्यालयात तेच सर्वात महत्त्वाचं आहे.
डिलिव्हरीच्या नोंदीत सहीच्या जागी नुसती एक वाकडी रेघ आहे. बोगस सही! हा मुद्दा मी स्वतः शोधला.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार
वारलू ऑफिसात आला. चप्पल बाहेर काढून. सगळ्यांसमोर म्हणाला, ‘साहेब, मी तं घरीच देलो जी. बाईच्या हातात देलो. सही बाईनंच केली, बोटानं.’ मी हळू आवाजात (संकल्प) सांगितलं की माझी आई ‘कमला उराडे’ असं स्वच्छ लिहिते, रेघा मारत नाही. तो म्हणाला, ‘मोबाइलच्या काचीवर तसंच उमटते जी. एक खेप बाईले विचारून पाहा न.’
म्हणजे मी माझ्या आईवर संशय घ्यायचा? एका पार्सलसाठी? इतका नीच मी नाही. घरी येऊन मुद्दाम विचारलं नाही. ती स्वतःच ‘तो पार्सलवाला...’ म्हणून सुरू झाली, तेव्हा स्पष्ट सांगितलं, त्या माणसाचं नाव या घरात काढायचं नाही. आवाज जरा चढला. मग ती जेवली कमी.

२ डिसेंबर, मंगळवार
‘पार्सलग्रस्त ग्राहक समिती’ स्थापन. अध्यक्ष मी. निवेदनावर चौदा सह्या. संघप्रियाचा कुर्ता एक साइज लहान आला होता, ती चूक तिचीच, पण तिने सही केली. बापूरावाने आयुष्यात पार्सल मागवलेलं नाही, त्यानेही केली. म्हणाला, साहेब म्हणतेत तं करून टाकतो. लोकांसाठी फक्त कोणीतरी पुढे व्हावं लागतं.

८ डिसेंबर, सोमवार
कंपनीचा मेल. ‘कार्यालयीन महत्त्वाचे साहित्य गहाळ करणे व बोगस सही’ या कारणाने वारलूला कामावरून काढलं. ऑफिसात टाळ्या. मी भजी मागवली.
घरी येताना तो चौकात दिसला. मोटरसायकलला पोती नव्हती. नुसती मोटरसायकल कशी अंग चोरल्यासारखी दिसते. मी मोबाइल काढून महत्त्वाचं काहीतरी वाचत उभा राहिलो. स्क्रीन बंद होती.
आईला सांगितलं नाही. ऑफिसच्या गोष्टी तिला कळत नाहीत.

१७ डिसेंबर, बुधवार
वारलूच्या जागी कोणी यायला तयार नाही. पार्सलं आष्टीला पडून राहतात, ज्याने त्याने जाऊन आणायची. संघप्रिया म्हणाली, ‘भाऊ, तुमच्या न्यायापायी मले इतक्या दूर जा लागते.’ समितीची बैठक बोलावली. मी एकटाच आलो. कोरम नसल्याने तहकूब.

३ जानेवारी, शनिवार
लिहू की नको, असं झालं. ही वही कोणी वाचत नाही, म्हणून लिहितो.
आई आठवडाभर मागे लागली होती, तांदूळ संपले, धान काढ. आज ढोली फोडली. आठव्या पोत्याला फावडं कशाला तरी लागलं. खाकी खोका. त्यावर माझं नाव.
मी तिथेच धानात बसलो. आई दारात उभी होती. म्हणाली, ‘तुले तीन खेप सांगाले आली मी, बाबू. वांदरं ओट्यावरचं काईच ठेवत नाई म्हणून रिकाम्या ढोलीत ठेवली. तू म्हणे, नाव नोको काढू.’ मग विचारलं, ‘आनलं त्यानं बराबर, मंग तू कायले चिडला होता त्याच्यावर?’ सांगावं लागलं. तिने विचारलं, ‘म्हणजे? काम गेलं काय त्याचं?’ मी म्हटलं, हा सिस्टीमचा प्रश्न आहे. ती माझ्याकडे पाहत राहिली. शाळेत पाटी फोडून आलो होतो तेव्हा असंच पाहिलं होतं.
खोका उघडला. पाटी सुंदर आहे. पाहवत नाही.
दुपारी आई कुठेतरी गेली. संध्याकाळी आली ती गुडघे धरत, पायावर धूळ. शेतावर गेली असेल. विचारायचं धाडस झालं नाही.
संकल्प: सोमवारी सकाळी दहा वाजता कंपनीला आणि ऑफिसात सगळं खरं सांगणार.

४ जानेवारी, रविवार
विहारात पंचशील म्हणताना चौथ्या शीलाला, खोटं न बोलण्याच्या, खोकला आला. खरोखरच आला. तीन मिनिटं थांबेना. आई शेजारी होती. तिने पाठ थोपटली नाही.
जेवण गेलं नाही. मला माझी लाज वाटते. एवढं लिहिलं की बरं वाटेल असं वाटलं होतं, पण नाही वाटलं.

५ जानेवारी, सोमवार
मॅडम हजर झाल्या. मी जुन्या टेबलावर. बापूरावाने चहा बरोबर जागी ठेवला. आजच मॅडम आल्या, आजच सांगणं बरं दिसलं नसतं. उद्या.

६ जानेवारी, मंगळवार
मॅडम बिझी.

७ जानेवारी, बुधवार
बापूराव सहज बोलून गेला की वारलू शनिवारी बायकोला घेऊन तेलंगणात मिरची तोडायला निघतोय. पोरगी दहावीला, तिला मामाकडे ठेवणार. आता टाळाटाळ नाही. शुक्रवारी रजा टाकून स्वतः त्याच्या घरी जाणार, पाटी समोर ठेवणार, हात जोडणार. वाक्यं पाठ केली. पहिलं वाक्य: ‘वारलूभाऊ, चूक माझी आहे.’ आरशासमोर सहा वेळा म्हटलं. सातव्यांदा आई आत आली.

९ जानेवारी, शुक्रवार, संध्याकाळी
गेलो होतो.
पाटी पिशवीत होती. वारलू अंगणात गाठोडं बांधत होता. त्याची बायको बायनाबाई आणि पोरगी बाजूला. सगळे थांबले, माझ्याकडे पाहू लागले. वारलूने खाट टाकली, पाणी आणलं. मी घसा साफ केला, आणि माझ्या तोंडून आलं, ‘वारलू, झालं गेलं. मी माणुसकीच्या दृष्टीने तक्रार मागे घेतो आहे. तुला माफ केलं.’
मलाच ऐकू आलं ते. पण निघालेलं वाक्य परत कसं घ्यायचं?
वारलूने गाठोडं खाली ठेवलं. मग हात जोडून म्हणाला, ‘लय उपकार झाले जी साहेब.’ बायनाबाई पाठ फिरवून घरात गेली. लाजाळू असावी. मी तिथूनच कंपनीला फोन लावला (टेकडीवर चढून, रेंजसाठी), लेखी मेलही टाकला. उतरताना पिशवीतली पाटी मांडीला टोचत होती.
तरी परिणाम तोच झाला ना? माणसाचं काम वाचलं. खरं सांगून यापेक्षा वेगळं काय झालं असतं? काही नाही. काहीच नाही.
आईने विचारलं, सांगितलं? मी म्हटलं, सगळं मिटलं. ती म्हणाली, मी ‘सांगितलं काय’ म्हणून विचारून राह्यली.

१६ जानेवारी, शुक्रवार
वारलू पुन्हा कामावर. मिरचीला गेला नाही. ऑफिसात माझं कौतुक. संघप्रिया सगळ्यांसमोर म्हणाली, ‘भाऊ, मी तुमाले उगाच बोलत होती. मन मोठं आहे तुमचं.’ आयुष्यात पहिल्यांदा तिने टोमणा मारला नाही, आणि हा सगळ्यात जास्त लागला. मॅडमनी फूल दिलं. मी ‘कर्तव्य केलं’ म्हणालो. बापूराव पाणी घेऊन आला, सांगायच्या आधी.
संकल्प: २६ जानेवारीला झेंडावंदनानंतर सगळ्यांसमोर खरं बोलणार.

२६ जानेवारी, सोमवार
माइक खराब होता. म्हणजे सुरुवातीला खराब होता.

३१ जानेवारी, शनिवार
आईसाठी गुडघ्याचा पट्टा मागवला होता. सांगून नाही, असाच. आज वारलू घेऊन आला. मी घरी होतो, आई ओट्यावर तांदूळ निवडत होती. ती म्हणाली, ये वारलू, बस. तो म्हणाला, ‘बाई, गुडघे कसे आहेत? त्या दिवशी एवढं पायी आल्या, मी म्हणत होतो गाडीवर सोडतो म्हणून.’
कोणत्या दिवशी, विचारलं. वारलू आईकडे पाहू लागला, आई तांदळाकडे. मग तो म्हणाला, ‘पार्सल सापडलं त्याच दिवशी आल्या न जी. सांगून गेल्या, ढोलीत होतं म्हणून. माह्या पाया पडत होत्या, मी पडू देलो नाई.’
सहा दिवस. मी गेलो त्याच्या सहा दिवस आधीपासून त्याला माहीत होतं. बायनाबाईला माहीत होतं. पोरीला माहीत होतं. खाट टाकली, पाणी दिलं.
मी म्हटलं, मग तू बोलला का नाहीस? तो म्हणाला, ‘तुमी मले माफ करून राह्यले होते साहेब. मंग मी मधात कायले बोलू?’ रागाने नाही म्हणाला. रागाने म्हटलं असतं तर मीही काही म्हटलं असतं.
कंपनीचा नवा नियम आहे, माझ्याच तक्रारीवरून निघालेला. पार्सल हातात धरून घेणाऱ्याचा फोटो काढायचा, चेहरा दिसला पाहिजे. मी खोका धरून उभा राहिलो. वारलूने मोबाइल समोर धरला. म्हणाला, ‘साहेब, वर पाहा जी.’ थोडा थांबून पुन्हा म्हणाला, ‘वर पाहा न जी.’ मग तसाच काढला.
आता ॲपवर पाहिला. खोका नीट आलाय, पत्तासुद्धा वाचता येतो. माझे फक्त केस दिसतात.