फळ्यावर बोलणारे सर

सर, काल मोठ्या बाई भेटल्या. पंचवटीत, भाजी बाजारात. माझी सुट्टी होती म्हणून मेथी घ्यायला गेले होते, तर समोर बाई उभ्या, हातात कापडी पिशवी, भाजीवालीशी कोथिंबिरीवरून बोलणं चाललेलं. केस पूर्ण पांढरे झालेत, पाठ वाकली आहे, पण लवंग चघळायची सवय तशीच. मी पाया पडले तेव्हा त्यांनी चष्म्यावरून बघितलं आणि म्हणाल्या, "तू ती. भूगोलाच्या तासाला उभी राहणारी." नाव त्यांना आठवलं नाही, मीही सांगितलं नाही. मग रिक्षा स्टँडजवळच्या टपरीवर आम्ही चहा घेतला आणि बराच वेळ तुमच्याबद्दलच बोललो. घरी येऊन मेथी निवडली, स्वयंपाक केला, आणि मग वाटलं की तुम्हाला लिहावं. तुम्हाला जाऊन पंचवीस-एक वर्षं झाली, हे माहीत असूनही वाटलं.

आपली शाळा रस्त्याला अगदी लागून. कांद्याचा मोसम सुरू झाला की लासलगावकडे निघालेले ट्रॅक्टर दिवसभर खिडकीखालून जायचे. बाकीचे शिक्षक ट्रॅक्टर जाईपर्यंत थांबायचे, तुम्ही थांबत नव्हतात. तुमचा आवाज ट्रॅक्टरच्या वरून निघून जायचा. गणिताचे सर शेजारच्या वर्गातून येऊन दारात उभे राहत आणि म्हणत, "तुमच्या नद्या माझ्या वर्गात शिरतात हो." ते सटाण्याकडचे, तापले की अहिराणीत जायचे. शिपाईमामा सगळ्यांना सांगत, "आपल्या शाळेत प्रार्थनेला माईक लागत नाय. सर हायेत ना." मी तेव्हा मागच्या बाकावर बसायची आणि सारखी बोलायची. एकदा तुम्ही धडा थांबवून म्हणालात, "तुझा आवाज एवढा उतू जात असेल तर जा, बाहेर पटांगणाला ऐकव." मी खरंच तास संपेपर्यंत पटांगणात उभी राहिले. तिथेही तुमचा धडा स्पष्ट ऐकू येत होता.

नववीत दिवाळीच्या सुट्टीआधी तुमचा घसा बसला. आम्हाला वाटलं, सर्दी असेल. सुट्टीनंतर तुम्ही आला नाहीत. कुणी म्हणे नाशिकला दवाखान्यात आहेत, कुणी म्हणे मुंबईला नेलं. मोठ्या बाईंनी प्रार्थनेनंतर एवढंच सांगितलं की सरांच्या घशाचं मोठं ऑपरेशन झालंय, ते परत येतील, आणि आल्यावर कुणी त्यांच्याकडे टकामका बघायचं नाही. थंडी सरायच्या सुमारास तुम्ही आलात. गळ्याभोवती पांढरं सुती फडकं, सदरा अंगावर मोठा झालेला. वर्ग उभा राहिला. तुम्ही डस्टरने टेबलावर दोनदा वाजवलं, फळ्याकडे वळलात आणि लिहिलं, 'बसा.' आम्ही तरी उभेच. कारण तो शब्द कुणी उच्चारलाच नव्हता.

पहिले काही दिवस वाईट गेले. तुम्ही लिहीत असायचात आणि पाठीमागे वर्गाचा बाजार व्हायचा. मग एके दिवशी तुम्ही लिहिलंत, 'मागच्या बाकावरची, उभी राहा. मोठ्याने वाच.' आणि काठी माझ्याकडे रोखली. मी वाचलं. तुम्ही पुढचं वाक्य लिहिलंत, मी तेही वाचलं. वर्ग गप्प झाला. त्या दिवसापासून भूगोलाच्या तासाला मी उभीच असे. हळूहळू मला चेव चढला. तुम्ही 'मोसमी वारे' एवढंच लिहायचात आणि मी तुमच्या जुन्या पद्धतीने पुढचं जोडायची, तुमचे जुने विनोदसुद्धा करायची. वर्ग हसायचा, तुमचेही खांदे हलायचे. एकदा मी फारच लांबवलं तेव्हा तुम्ही लिहिलंत, 'मी लिहिलं तेवढंच वाच.' मी तेही मोठ्याने वाचलं. त्यावर तुम्ही डोक्याला हात लावून खुर्चीत बसलात.

शिक्षकांच्या खोलीत काय चालायचं ते मला काल कळलं. बाई सांगत होत्या, तुम्ही पाटी घेऊन बसायचात. तुमच्याशी बोलायचं तर माणसं आपोआप मोठ्याने बोलायची, जणू तुम्हाला ऐकू येत नाही. गणिताचे सर मात्र दुसऱ्याच दिवशी स्वतःसाठी पाटी घेऊन आले. तुम्ही लिहायचात, तेही लिहायचे. तुम्हा दोघांची भांडणं पाटीवर व्हायची आणि मामा मध्ये ओलं फडकं घेऊन बसायचे. "आवाज काही नाही," बाई म्हणाल्या, "पण खडू संपत होते. मला दोघांनाही समज द्यावी लागली."

मग पालकसभा झाली. त्या सभेत माझे वडील उभे राहिले. मला घरी काही बोलले नव्हते. टोपी सारखी करत म्हणाले, "मास्तरांबद्दल माझं काय वाकडं नाय. पन माझी पोरगी शाळेत शिकाया येती का शिकवाया? पुढच्या साली दहावी हाय. न बोलनारा मानूस दहावीला कसा चालंल?" मी मुलींमध्ये खाली बसले होते. तुम्ही भिंतीशी उभे होतात, तुमच्याकडे बघायची माझी हिंमत झाली नाही. संस्थेचे अध्यक्ष म्हणाले, "आम्हीही तोच विचार करतोय, सरांना ग्रंथालयात बसवता येईल." आणखी दोघा-तिघांनी माना हलवल्या. तेव्हा मोठ्या बाई उठल्या. "ते नंतर ठरवू," त्या म्हणाल्या. मग माझ्या वडिलांना, "तुम्ही उद्या भूगोलाच्या तासाला या. मागच्या बाकावर जागा आहे. तास बघा, मग बोलू."

वडील आले. ट्रॅक्टर फाटकापाशी लावला, आत येऊन मुलांच्या बाकावर गुडघे आखडून बसले. तुम्ही आपल्या जिल्ह्याचा नकाशा काढता आहात, न बघता, एका रेघेत, जसा नेहमी काढायचात. पश्चिमेला डोंगराची रांग. मग एक वाक्य लिहिता. मी सवयीने उठते. तुम्ही हाताने खाली बस म्हणता आणि काठी माझ्या वडिलांकडे करता.

वडिलांनी आधी मागे वळून बघितलं. मागे भिंत होती. मग ते उठले. त्यांची शाळा चौथीत सुटलेली, हे वर्गात फक्त मला माहीत होतं. "ढग," ते म्हणाले. "ढग... डों... डोंगरा..." कुणीतरी हसलं. व्हरांड्यात गणिताचे सर उभे असणार, कारण त्याच क्षणी दारातून आवाज आला, "कोन हासी ऱ्हायना रे?" पुन्हा कुणी हसलं नाही. मी मान खाली घालून बसले होते, मामा घंटा कधी देतात एवढंच डोक्यात होतं. पण तुम्ही काठी त्या शब्दाखाली धरून उभे राहिलात. मान डोलावली नाहीत, शब्द सुचवायला ओठही हलवले नाहीत. फळ्याकडे बघत राहिलात, जणू तुम्हीही तो शब्द लावत आहात. शब्द पुरा झाला की काठी पुढे सरकायची. मधेच रस्त्यावरून ट्रॅक्टर गेला. तुम्ही थांबलात, वडीलही थांबले, तो गेल्यावर दोघांनी पुढे सुरू केलं. 'ढग डोंगराला अडतात. म्हणून पेठ-सुरगाण्याला पाऊस जास्त आणि आपल्याकडे कमी.' एवढं वाचायला त्यांना किती वेळ लागला कोण जाणे. शेवटी ते म्हणाले, "हे खरं हाय." तुम्ही लगेच लिहिलंत, 'कशावरून?' ते त्यांनी पटकन वाचलं. म्हणाले, "सुरगान्याकडची मानसं कांदे काढाया येत्यात आमच्याकडं. तिकडं भात होतो म्हनत्यात." तुम्ही नकाशावर पश्चिमेला लिहिलंत, 'तिकडे भात होतो.' खाली रेघ मारलीत, आणि आम्ही सगळ्यांनी ते वहीत उतरवून घेतलं. तेव्हा कुठे मी मान वर केली.

घरी जाताना मी ट्रॅक्टरवर त्यांच्या शेजारी बसले होते. पाटाच्या पुलावर आल्यावर ते म्हणाले, "मास्तर घाई करीत नाय." पुढच्या सभेत अध्यक्षांनी विचारलं तेव्हा ते उठून म्हणाले, "मी बसलो व्हतो. मला समजलं, मग पोरांना समजंलच. चालू द्या." आणि बसले. ग्रंथालयाचा विषय पुन्हा निघाला नाही.

त्यानंतर मात्र तुम्ही मला उभं करणं बंद केलंत. रोज वेगळं कुणीतरी, क्रमाने. अडखळणारी मुलं वाचायची, तुम्ही काठी धरून थांबायचात, आणि मी बाकावर धुमसत बसायची. मला वाटायचं, वडिलांनी तक्रार केली त्याचा राग तुम्ही माझ्यावर काढताय. काल हे मी बाईंना सांगितलं तर त्या हसल्या. म्हणाल्या, "अगं, सभेच्या दिवशीच सरांनी पाटीवर लिहिलं होतं, 'तिच्या वडिलांचं बरोबर आहे, मी तिच्यावर फार अवलंबून राहिलो.' गणिताचे सर तुझ्या वडिलांवर चिडले होते, त्यांना दाखवलं होतं." सर, हे तुम्ही मला तेव्हाच लिहून दाखवलं असतंत तर बरं झालं असतं. नववीची मुलगी होते, पण समजलं असतं.

दहावीला तुम्हीच शिकवलंत. मग मी नाशिकला कॉलेजात गेले, आणि तुमचा आजार परतल्याचं उडत उडत कळलं. एक दिवस वसतिगृहाच्या दारात वडील उभे. फोन करता आला असता, पण स्वतः आले होते. "तुझं मास्तर गेलं," म्हणाले, "चल." शाळेच्या पटांगणात सगळे जमले होते. मोठ्या बाई मुलांना रांगेत उभं करत होत्या. मामांनी घंटेच्या दोरीला हात लावला नाही. गणिताचे सर त्या दिवशी सबंध वेळ अहिराणीतच बोलत होते, आणि समजलं नाही तरी कुणी त्यांना परत विचारलं नाही.

मी एसटीत कंडक्टर आहे, हे तुम्हाला माहीत नसणार. नाशिकच्या द्वारका चौकातून गाडी निघते आणि आठवड्यातून काही फेऱ्या आपल्या शाळेवरून जाते. आता तिथे नवी इमारत झाली, खिडक्यांना काचा आहेत. गणिताचे सर आणि मामा दोघेही गेले. वडील आहेत, ऐकू कमी येतं. नातवाचा भूगोल हातात आला की मोठ्याने वाचतात, अजूनही सावकाशच.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून एक गोष्ट लिहून ठेवते. निघताना बाईंनी विचारलं, "ऑपरेशनच्या आधीचा सरांचा आवाज आठवतो का गं?" मी लगेच हो म्हणाले. त्यांना बरं वाटलं. "मला नीट आठवत नाही आताशा," त्या म्हणाल्या, "तुझ्याजवळ आहे ते बरं झालं." सर, माझ्याजवळ नाही. आठवीतला तास आठवायला बसले की तुम्ही फळ्यापुढे हात उंचावून बोलत असता, आणि ऐकू येतो तो माझाच आवाज.