दादाचा धोटा धुतला तेव्हा

हट्टा, ३ फेब्रुवारी १९४१
काल दादाचा तेरावा झाला. पाहुणे गेले एकदाचे. दादाच्या मागावर लुगडं अर्धं हाय. वहिनी म्हणली, "भाऊजी, माणूस गेलं म्हणून मागावरचं कापून काढू नये. मी विणते. त्यांच्याच धोट्यानं." बरं म्हणलो. दुसरं काय म्हणणार.

५ फेब्रु.
बसमतला जाऊन आलो. डॉक्टरनं विचारलं, अंथरूण जाळलं का. व्हय म्हणलो. मग मीच धोट्याचं काढलं, उभ्या ताण्यातून आडवं सूत नेतो त्याचं. आतली सुताची कांडी बदलली की धोट्याच्या भोकाला तोंड लावून सूत बाहेर ओढावं लागतं. दादानं दोन वर्सं खोकत खोकत तसंच ओढलं. डॉक्टर बघतच राहिला. "क्षयाच्या माणसाचं तोंड लागलंय? जाळा. न्हाई तर चांगला उकळा." बोलायला त्याचं काय जातं.

६ फेब्रु.
रहीमभाई सुताराकडं गेलो. धोटा त्यानंच घडवलेला. उकळायचं म्हणताच भडकला. "धोटा हाय का रताळं? उकळला की लाकूड वाकतं. मग मागातून उडून वहिनीच्या डोळ्यात जाईल, बराबर." डॉक्टर खरा का रहीमभाई? दोघंबी खरे. मरण माझं.

८ फेब्रु.
कंपाउंडरकडून स्पिरिट आणलेलं. त्या स्पिरिटनं मी धोटा पुसला. वरची लाख सगळी फडक्याला आली. दादाच्या हातानं बारा वर्सं चकाकत आलेला धोटा, एका पुसण्यात भकास. ताण्यातून फिरवून पाहिला, तीन धागे तोडले. अक्कल गहाण पडली होती माझी. रडू आलं. दादा गेला तवा आलं नव्हतं.

१४ फेब्रु.
रहीमभाईनं बडबडत घासून दिला. मग कोमट साबणपाण्याचं फडकं घट्ट पिळून वरून पुसला. भोकात लाख न्हाई, तिथं दोऱ्याला चिंधी बांधून स्पिरिट फिरवलं. दोन दिस वाळवला. जवसाचं तेल चोळलं. पयल्यासारखा न्हाई, पण धागा अडकत न्हाई. आत काही राहिलं का, ते कोणाला दिसतंय.
वहिनीसाठी तारेचा बारीक आकडा केला. सूत त्यानंच ओढायचं, तोंड लावायचं न्हाई. दहादा बजावलं. "समजलं हो भाऊजी."

१५ फेब्रु.
वहिनीला मागावर बसवलं. आधी मी करून दाखवायला गेलो. कांडी घातली, धोटा तोंडाला लावला, सूत ओढलं.
तीस वर्सांची सवय. कळलं तवा सूत जिभेवर होतं. आकडा हातातच.
वहिनी पांढरी पडली. "नीट धुतलाय ना?" म्हणली. धुतलाय म्हणलो. तिनं माझ्या हातातून आकडा घेतला अन् पुढची कांडी आकड्यानंच ओढली. शहाणी हाय.
आमच्या मंडळीला सांगू नका म्हणलो. सातवा महिना चालू हाय तिला.

१ मार्च
लई थकवा. झोप न्हाई. डॉक्टरकडं जायचं ठरवतो अन् सकाळी मागावर बसतो.
लुगडं चार बोटं राहिलंय. वहिनीचा हात बसला आता.
आज जेवताना माझा पितळी गिलास मीच बाजूला ठेवला. मंडळीनं विचारलं, "काहून?" असंच, म्हणलो. ती हसली, अन् उरलेलं पाणी प्यायला तिनं तोच गिलास उचलला. मी हातातून हिसकला. पाणी सांडलं.
ती बघून राहिली माझ्याकडं. मागावर बसलेल्या वहिनीनं मान वर केली न्हाई, पण मागाचा आवाज थांबला.