चांदमारीची माती

३ नोव्हेंबर १९९६, कळस
आलो एकदाचे. ट्रंक, स्टोव्ह, लोणच्याची बरणी सगळं धडधाकट पोचलं, आणि पोटातला पाहुणाही. पाचवा महिना म्हणून सासूबाई वडगावलाच राहा म्हणत होत्या. पण हे एकटे राहिले असते तर रोज भात करपवला असता. यांना ठेकेदाराकडं मुकादमाचं काम मिळालंय. गावाबाहेर माळावर जुनी चांदमारी आहे, बंदुकीच्या सरावाची. मातीच्या ज्या बांधावर नेम धरायचे, त्यात शिशाच्या गोळ्याच गोळ्या. त्या काढून जागा साफ करायची, मग तिथं शाळा होणार. आमची खोली बांधापासून हाकेच्या अंतरावर.

९ नोव्हेंबर
बायका रांगेनं बसून माती चाळतात. चाळणीत चपट्या गोळ्या उरतात, खाली मैद्यासारखी माती. चाळलेली माती स्वच्छ, असं हे येईल त्याला अभिमानानं सांगतात. धोंडाबाई म्हणून एक म्हातारी आहे. पूर्वी मेंढरं होती, आता मजुरीवर. तिच्याशी बोलताना बाळ पहिल्यांदा हललं. आधीची दोन इतकी टिकलीच नव्हती. मी हसता हसता रडले.

१७ नोव्हेंबर
डोहाळे लागले, तेही मातीचे. यात नवल नाही, आईनं माझ्या वेळी चुलीची माती खाल्ली होती. मी चाळलेल्या ढिगातली आणली. खडे निवडलेल्या तांदळासारखी, गोळी एक नाही. गोडसर लागते. पदराच्या गाठीत ठेवते. यांना सांगितलं नाही, वर्षभर चिडवतील.

१ डिसेंबर
पोटात मुरडा येतो. तोंडाला कळकट पितळेची चव. काल हातातून ताट सुटलं, मनगटात जीवच नाही. चिमूटभर खाल्ली की बरं वाटतं. बाळ मात्र जोरात लाथा मारतंय, आणि मला तेवढं पुरे आहे.

८ डिसेंबर
धोंडाबाईनं माझ्या ओठाला लागलेली माती पाहिली. जवळ बसवून घेतलं. म्हणाली, "आमची मेंढरं ह्यो बांध चाटायची. ग्वाड लागती ना. मग आंधळी व्हऊन भिताडाला डोकं लावून हुबी राहायची. एक कोकरू जितं जन्मलं न्हाय. आमी म्हनलं, देव कोपला. बाय, तू न्हाय ना खाल्लीस?"
मी नाही म्हणाले.

१० डिसेंबर
पुण्याहून मातीचा तपासणी अहवाल आला. यांनी जेवताना वाचून दाखवला. गोळ्या काढून शिसं जात नाही. ते झिजून मातीत उतरतं, आणि बारीक मातीत सगळ्यात जास्त. मला म्हणाले, तिकडं फिरकू नकोस, बाळाला बाधेल. पदराची गाठ मी मुठीत धरून बसले होते. 

१२ डिसेंबर
सगळी फेकली. पदर धुतला. शपथ घेतली बाळाची.
दुपारी भानावर आले तेव्हा ढिगापाशी बसले होते. तिथं कधी गेले, आठवत नाही. दोन्ही हात भरलेले. तोंड —

१३ डिसेंबर
आरशात पाहिलं. हिरड्यांवर निळी रेघ.
डोकं ठणकतं. भिंतीला लावून उभं राहिलं की जरा —
किती वेळ उभी होते मी?

१५ डिसेंबर
यांना सांगितलं सगळं. ओरडले असते तर बरं झालं असतं. "स्वच्छ झाली म्हणून मीच सांगत फिरत होतो," एवढंच म्हणाले, आणि माझी बोटं धुवत बसले. नखांतली निघेना. मी यांचा घात केला, बाळाचा केला, आणि अजूनही मला तीच हवी आहे. त्याची लाज वाटते.

१६ डिसेंबर
काल सकाळपासून हललं नाही.
हे जीप आणायला गेलेत इंदापूरच्या दवाखान्यासाठी. धोंडाबाई पोटावर हात ठेवून बसलीय. 
पेन धरवत नाही — बाळा, मला ठाऊक नव्हतं रे. नंतर ठाऊक होतं, तरीही — एकदाच हल. रागावून लाथ मार.
आत्ता उजवीकडं काहीतरी — धोंडाबाई, कळलं का तुला? ती हात काढून घेतेय. मी धरून ठेवलाय. विचारते आहे पुन्हा पुन्हा, आणि ती नुसतीच मान