इनेसच्या आईने लावलेला बिल्ला

टेक्सास, लष्करी तळावरून

प्रिय आई,
तुझ्या जोलीनकडून खूप खूप पापे. गुडघा कसा आहे? ऑपरेशन ताजं आहे, जिना चढू नकोस. कोंबड्यांना दाणा ड्वाइटदादाच घालू दे, त्याला काही होत नाही.

आई, मला बिल्ला मिळाला! फौजेतल्या वैद्यकीय लोकांची ती अवघड परीक्षा मी पास झाले. धुरात जखमींना पट्ट्या बांधणं, नकाशावरून रान तुडवणं, सगळं जमलं. राहिली होती पाठीवर ओझं घेऊन बारा मैलांची चाल. मागच्या वेळी मी तिथंच हरले होते.

याही वेळी शेवटच्या वळणावर मी मटकन खाली बसले. तेवढ्यात कडेला उभी असलेली एक बाई ओरडली, "ए पोरी, ऊठ! सहलीला आलीस का?" अगदी तुझाच सूर! मी उठून धावत सुटले आणि वेळेत पोचले.

ती माझ्याबरोबर परीक्षा देणाऱ्या मैत्रिणीची, इनेसची आई होती. बिल्ला घरच्यांनी लावायचा असतो. मला एकटीला पाहून तिनं विचारलं, "तुझी आई कुठंय गं?"

"मोंटानात. तिला चालवत नाही."

मग तिनंच तो माझ्या छातीवर लावला. कॉलर नीट करत म्हणाली, "किती वाळलीस!" तेव्हा मात्र मला रडू आवरलं नाही.

पायाला फोड आलेत, पण थोडेच. जेवण बरं असतं. नाताळची रजा अजून मंजूर नाही.

रागावू नकोस हं. ती बिल्ला लावत होती तेव्हा मी डोळे मिटून घेतले होते, म्हणजे तूच समोर आहेस असं वाटावं.

तुझीच,
जोलीन