सावर्ड्याच्या लग्नाची फाईल

६ मे, मंगळवार
कॉम्प्युटर परत बंद पडला. सावर्ड्याच्या लग्नाची फिल्म एडिट करून बाहेर काढायला लावली की अर्ध्यात स्क्रीन काळी, मग आपोआप पुन्हा सुरू. ना एरर, ना काही. वीट आला. नवरी मनाली, तिचे वडील लग्नानंतर आठवड्यातच गेले. महिन्याच्या दिवशी आईला फिल्म दाखवायचीय म्हणते. कॅमेऱ्याची कार्डं केव्हाच पुसून पुढच्या लग्नाला नेली, जे आहे ते या डबड्यात. डबडं जोडून दिलं नितीनभावजींनी. धाकटे दीर, बाजारात कॉम्प्युटरचं दुकान. फोनवर नेहमीचंच: मांडवीची खारी हवा, वहिनी, दुसरं काय.

७ मे
कॅबिनेट उघडला. आत पालीची अंडी, केस, चिकट धूळ. शिसारी. सगळं ब्रशने काढलं. रॅमच्या दोन्ही पट्ट्या खोडरबराने घासल्या, एकेक लावून पाहिली. दोन्हींवर पडतो. म्हणजे रॅम नाही.

९ मे, शुक्रवार
प्रोसेसरवरची वाळकी पेस्ट खरवडून नवी लावली. तापमान ठीक. तरी बंद. भावजी आले. तळलेले बांगडे खाल्ले, कॅबिनेटकडे लांबूनच पाहिलं. म्हणे मदरबोर्ड गेलाय, नवा घ्या, डिस्क पुसून फॉरमॅट करून टाकू. जणू ताट विसळायचंय. हात लावू दिला नाही.

१० मे
नुसता चालू ठेवला तर दिवसभर चालतो. ग्राफिक्स कार्डावर ताण आला की पडतो. म्हणजे वीज पुरत नाही. राजिवड्याच्या समीनाचा फोटो स्टुडिओ आहे, तिच्याकडून पॉवर सप्लाय उसना आणला. एक जुनी फिल्म लावून पाहिली, अख्खी निघाली. आपला परत जोडला, लगेच काळोख. त्याच्यावरचा स्टिकर उष्णतेने कोपऱ्यात सुटला होता. ओढला. खाली दुसरा स्टिकर, निम्म्या ताकदीचा.
समीनाचा लावून आधी सगळी डिस्क कॉपीला टाकली.

११ मे, रविवार
भावजींना स्टिकर दाखवला. नाकारलंही नाही. "घरातलंच काम होतं वहिनी, म्हटलं चालून जाईल." शेखर टीव्हीकडे बघत बसला. नवरा म्हणे. सासूबाई म्हणाल्या, "जाऊ दे गो, आपलाच आहे," आणि त्यांना आणखी एक घावन वाढलं. घरच्यांना हे, तर गिऱ्हाइकांना काय देत असतील? की त्यांना चांगलं देतात? जेवले नाही.

१३ मे
कॉपी झाली. एकच क्लिप फाटलीय, सारखं बंद पडण्यात गेली असणार. नेमकी पाठवणीची. वडील जावयाचा हात धरतात आणि चित्राचे हिरवे तुकडे होतात. आवाज जरा पुढे जातो. "सांभाळा हो हिला. उलट बोलते, पण मनाने ती—" संपलं. दुरुस्तीचे प्रोग्राम चालवले. काही नाही.

१५ मे, गुरुवार
मनाली आली. खरं ते सांगितलं, दिरांच्या प्रतापासकट. रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. क्लिप परत परत ऐकली. मग म्हणाली, "पुढे काय म्हणाले, ताई? ह्यांना आठवत नाही. मी रडत होते. कॅमेरा तुमच्याच हातात होता ना?"
होता. मी फोकस बघत होते.
आठवून सांगते म्हटलं.

१७ मे
बाकी फिल्म तयार. भावजींनी नवा सप्लाय पाठवलाय, खोका व्हरांड्यात तसाच. शेखर म्हणतो लाव आता, किती ताणशील.
मांडव आठवतो, उकाडा आठवतो, मनालीच्या वडिलांच्या टोपीवरची अक्षत आठवते. शब्द नाही. मनाने ती चांगली? हळवी? काहीही जोडून सांगता येईल, तिला पटेलही. आईलाही तेच सांगेल ती, जन्मभर. हे डोक्यात आलं आणि स्वतःचीच किळस आली.
सकाळी मनालीचा फोन वाजून गेला. उचलला नाही. आत्ता परत वाज—