धुतलेलं लुगडं

माय, पोलीस लाईनीतली आपली खोली पाडली. परवा बँकेच्या कामाला निघाले होते, रिक्षा तिकडून गेली, तर नळाचा कट्टा तेवढा उभा दिसला. घरी येऊन हे लिहायला बसले. तुला वाचता येत नव्हतं, त्यामुळं तू असताना हे लिहायची गरज नव्हती, नुसतं तोंडानं सांगितलं असतं तरी झालं असतं. तेवढं माझ्याच्यानं झालं नाही.

ती मेंढ्यांमागची बाई. कन्नड तालुक्याच्या बाजूची ही माणसं सुगी झाली की मेंढ्या घेऊन इकडं उतरायची, खतासाठी लोकांच्या शेतात रात्रीच्या मेंढ्या बसवायची, बदल्यात धान्य घ्यायची. ज्याच्या शेतात बसवल्या होत्या त्यानंच भरदुपारी, नवरा कळप घेऊन लांब गेलेला बघून, तिच्यावर जबरदस्ती केली. ती तशीच पायी ठाण्यात आली. ठाण्यात तेव्हा मी एकटीच बाई, नोकरीला वर्षही झालं नव्हतं. साहेबांनी मान वर न करता विचारलं, "मेंढ्या बसवायच्या धान्यावरून भांडण झालं का?" ती म्हणाली, "भांडण नाय साहेब. त्यानं माझी अब्रू घेतली." साहेब माझ्याकडं वळले. "रानात एकट्या फिरतात आन् मग इथं येतात. वास बघ हिचा. जा, जरा माणसात आण, मग लिहू." मला राग यायला हवा होता. पण साहेबांनी माझ्यावर काम सोपवलं याचंच मला बरं वाटलं.

ठाण्यामागंच लाईन. तू भाकरी थापतेस. तिला बघून परात बाजूला सारतेस, स्टोव्हवर पाणी ठेवतेस. मी दारात उभी, घड्याळ बघत. तिला मोरीत बसवून तू पाठीवर पाणी घालतेस आणि थांबतेस. "बाई, हिची पाठ बघ गं. ढेकळं रुतलीत." मी बघत नाही. मग तिचं लुगडं हातात धरून तू विचारतेस, "हे भिजवू का? का ठिवू तसंच? तुमच्या कामाला लागंल का?" मी म्हणते, "धू. असल्या लुगड्यात साहेबांपुढं कशी नेऊ?" तू साबण लावून दोनदा धुतलंस. तुझं नेसूचं तिला दिलंस. ताटावर बसल्यावर ती म्हणाली, "मावशी, तुमाला तरी खरं वाटतं का?" तू म्हणालीस, "वाटतं माय, जेव." मी तिला म्हणाले, लवकर आटप.

संध्याकाळी दवाखान्यात नेलं तेव्हा कागदावर येण्यासारखं फार काही उरलं नव्हतं. पाठीचं मी कुणाला सांगितलं नाही. साहेबांनी कपडे मागितले, मी ओलं लुगडं टेबलावर ठेवलं. ते हसले. "रडत पण नाय ही," म्हणाले, आणि मेंढ्या बसवण्यावरून वाद, असं लिहायला सांगितलं. माझं अक्षर चांगलं होतं. तिनं अंगठा दिला. चार दिवसांनी ती तुझं लुगडं घडी करून परत द्यायला आली, तेव्हा मी ड्यूटीवर होते. ती काय बोलली ते तू सांगितलं नाहीस. पण तेव्हापासून तू म्हणायला लागलीस, "माझ्याच हातानं धुतलं गं मी."

पुढं नोकरीत मी कित्येक बायकांना विचारलं, इतका उशीर का केला, ओरडली का नाहीस. साहेबांचाच आवाज माझ्या तोंडातून यायचा. त्याची लाज आता वाटते, तेव्हा वाटत नव्हती.

आजारपणातसुद्धा तू तेच धरून बसलीस. मी तुझे पाय दाबत म्हणायचे, "तू अडाणी, तुला काय माहीत असणार? मलाही तेव्हा कुठं कळत होतं." त्यानं तुझं समाधान होत नसे. तू हात उलटेपालटे करून बघायचीस.

माय, मला कळत होतं. असे कपडे धुवायचे नाहीत, तसेच कागदात बांधून ठेवायचे, हे प्रशिक्षणात शिकवलं होतं. परीक्षेत तो प्रश्न आला होता, मी बरोबर सोडवला होता. मोरीत लुगडं हातात धरून तू विचारलंस, तेव्हा मला उत्तर येत होतं.